रशियातली भट्टी आणि ताईचं बाळंतपण

ताईला दिवस गेलेत हा निरोप केळव्याहून, तिच्या सासरहून आला, त्याच दिवसापासून आमच्या घरी तिच्या बाळंतपणाची तयारी सुरू झाली. खरं तर पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हटलं तरी हाताशी बरेच महिने होते. पण आय त्या दिवशी बाजारातून आली, पाटी खाली ठेवली आणि तोंडावर पाणी न मारताच ट्रंक उघडून बसली. जुनी लुगडी काढून तिनं ती एकेक करून गालाला लावून पाहिली. ज्याचा मऊपणा तिला पटला ते दुपट्यांसाठी, बाकीची परत ट्रंकेत. नंतर कितीतरी दिवस आमच्या अंगणात वाळणाऱ्या बोंबलांच्या शेजारी लुगड्यांचे धुतलेले तुकडे वाळत असत आणि मी शाळेतून आले की आय मला ते आधी हुंगायला सांगायची. बोंबलांचा वास लागला असेल तर पुन्हा धुवायचे. आम्हाला स्वतःला तो वास कधी येतच नसे, त्यामुळे मी दर वेळी नाही म्हणायची आणि आय दर वेळी पुन्हा धुवायची.

आमचं घर दांडी गावात, किनाऱ्याकडच्या शेवटच्या आळीत होतं. घरात बाबा, आय, ताई आणि मी. ताईचं नाव सुमन. माझ्याहून ती सहा-सात वर्षांनी मोठी, त्यामुळे माझी वेणी घालणं, मला मारणं आणि मला वाचवणं ही तिन्ही कामं तिच्याकडे होती. आदल्या हिवाळ्यात तिचं लग्न झालं आणि घर एकदम मोठं वाटू लागलं. बाबा काही घरांनी मिळून वाट्यानं चालवलेल्या एका होडीवर जायचे. बोलणं कमी. हात मात्र सतत चालू असत, जाळ्याची फाटलेली घरं विणत किंवा दोर वळत. बाळाच्या पाळण्यासाठी त्यांनी जाळ्याचा नवा दोर वापरून एक झोळी विणली. इतकी बारीक आणि इतकी घट्ट, की आय म्हणाली, ह्यात पोर झोपायचं हाय का कोलीम पकडायचा हाय. कोलीम म्हणजे जवळ्याहूनही बारीक कोळंबी. बाबा नुसते हसले. मागच्या पडवीत बाळंतिणीची खोली करायचं ठरलं. आयनं कुडाची भोकं शेणमातीनं बुजवली आणि मोरी माशाचे तुकडे मीठ लावून कडक उन्हात वाळवून बरणीत भरले. मोरीच्या कालवणानं बाळंतिणीला दूध येतं. ती बरणी फळीवर अगदी वर ठेवलेली असे आणि तिला हात लावायचा नाही अशी मला तंबी होती.

पडवीच्या दारात उभं राहिलं की उत्तरेला अणुवीज केंद्राची उंच चिमणी दिसे. आमच्याकडे त्याला कुणी केंद्र किंवा प्रकल्प म्हणत नसे, सगळे 'ॲटोमिक' म्हणत. मला कळू लागल्यापासून ती चिमणी तिथंच होती आणि ताडाच्या झाडाकडे बघावं तसं आम्ही तिच्याकडे बघायचो, म्हणजे बघतच नव्हतो. बाबांना मात्र ती उपयोगाची होती. समुद्रातून परत येताना चिमणी डाव्या अंगाला आणि देवळाचा कळस समोर आला की खाडीचं तोंड सापडतं, असं ते सांगायचे. गावातल्या काही जणांना तिथं रोजंदारीचं काम मिळे, कॉलनीतल्या बायका आयकडून मासळी घेत. आमचा आणि तिचा संबंध एवढाच.

मग एके दिवशी रशियातली भट्टी फुटली. मी हे असं लिहिते आहे, कारण आमच्या आळीत ती बातमी अशीच आली. कुणीतरी चहाच्या टपरीवर रेडिओ ऐकला, शाळेच्या गुरुजींनी पेपर वाचून दाखवला, आणि संध्याकाळपर्यंत जाळी विणत बसलेल्या म्हाताऱ्यांना सगळं कळलं होतं. रशियात पण ॲटोमिक हाय, ते फुटलं, माणसं मेली, आता तिकडचं दूध पीत नाहीत, पालेभाजी खात नाहीत, पोटुशा बायकांना गाड्या भरभरून लांब नेलं. गुरुजी समजावून सांगत होते की रशिया कुठल्या कुठे आणि आपण कुठे, तिथली भट्टी वेगळी, इथली वेगळी. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा पाहिलं, की घरी जाताना लोक एकदा थांबून उत्तरेकडे बघत होते. आपल्याच घरातल्या म्हाताऱ्याबद्दल कुणी काही वाईट सांगावं आणि मग आपण त्याच्याकडे चोरून बघावं, तसं.

आमच्या चुलीपर्यंत ती बातमी यायला फार दिवस लागले नाहीत. आय बोईसरच्या बाजारात बसायची. तिथं गिऱ्हाईक नेहमीचं, कारखान्यातले कामगार, चाळीतल्या बायका. मासळीचे कल्ले उचलून बघणारी माणसं आता आधी विचारू लागली, कुठली मच्छी? दांडीची म्हटलं की पुढे जात. एक हिंदी बोलणारा कामगार रोज तिच्याकडून मांदेली न्यायचा. त्यानं एकदा हात जोडून सांगितलं, "मौसी, बुरा मत मानना, घर में छोटा बच्चा है." तो खोटं बोलला असता तर आयला बरं वाटलं असतं. बाजारातल्या बाकीच्या बायका आपली मासळी लांबच्या सातपाटी बंदराची म्हणून सांगू लागल्या. आयला ते जमेना. ती म्हणायची, आपल्या गावाचं नाव टाकून मासळी विकायची तर उद्या पोरींना कुठलं माहेर सांगू? न विकलेली मासळी घरी यायची, आम्ही खायचो, उरलेली वाळवायचो. त्या उन्हाळ्यात आमच्या अंगणातल्या दोऱ्यांवर इतके बोंबील वाळत होते की वारा सुटला की ते एकमेकांवर आपटून खडखड वाजायचे. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. आज पालघरला माझ्या घराच्या खिडकीबाहेर कुणी सुकी नारळाची झावळी ओढत नेली तरी मी क्षणभर दांडीला जाते.

सातवा महिना लागला तेव्हा बाबा ताईला आणायला केळव्याला गेले. आयनं ओटीचं सामान बांधून दिलं, हिरवी साडी, खण, बांगड्या, नारळ. बाबांनी लग्नातला सदरा घातला. ताईचं सासर बरं होतं. घरची होडी, थोडी नारळाची वाडी, नवरा वसंत शांत स्वभावाचा. आम्ही त्यांना भावजी म्हणायचो. बाबा दुपारी पोचले असतील. आय इकडे पेजेला आधण ठेवून, दारात पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा तयार करून बसली होती, पोर उंबरा ओलांडायच्या आधी ओवाळून टाकायला. संध्याकाळी बाबा आले ते एकटेच. हातात केळ्यांचा घड आणि आमचंच ओटीचं बोचकं.

काय झालं ते त्यांनी जेवण झाल्यावर, हात धुऊन, थोडं थोडं करून सांगितलं. विहीणबाईंनी नीट वागवलं होतं. पाट मांडला, चहा दिला, घरची केळी दिली. मग समोर बसून म्हणाल्या, "व्याही, राग धरू नका. आमच्या घरचं पहिलं पोर हाय. त्या चिमणीच्या खाली आमी ते जन्माला येऊ देणार नाय." ओटी हवी तर इथंच भरा, म्हणाल्या, पण पोर पाठवणार नाय. बाबांनी काय उत्तर दिलं ते आयनं विचारलं. बाबा म्हणाले, मी काय बोलणार, मुलीकडचा माणूस. ताई आतल्या दाराला टेकून उभी होती. निघताना ती वाडीच्या टोकापर्यंत आली आणि बाबांच्या सदऱ्याच्या खांद्यावर काही नसताना झटकल्यासारखं केलं. एवढं सांगून बाबा उठले. आयनं ओटीचं बोचकं न सोडता तसंच ट्रंकेत ठेवलं. पेज आम्ही दुसऱ्या दिवशी प्यालो.

मला विहीणबाईंचा तेव्हा फार राग आला होता. आता मी स्वतः दोन मुलांची आजी आहे आणि तो राग मला पूर्वीसारखा आणता येत नाही. ती बाई घाबरलेली होती. जे दिसत नाही, ज्याला वास नाही, ज्याला अंगारा चालत नाही की ज्याची दृष्ट काढता येत नाही, त्याच्यापासून पोटातलं पोर कसं वाचवायचं? तिच्या हातात एकच गोष्ट होती, सुनेला दारात अडवणं. ती तिनं केली.

पण ताई आली. आषाढ होता, होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी झाकल्या होत्या. आय आणि मी जवळा निवडत बसलो होतो आणि दारात कुणीतरी उभं राहिलं म्हणून वर बघितलं, तर ताई. साडीचा ओचा चिखलानं भरलेला, हातात कापडी पिशवी, पोट इतकं पुढे आलेलं की मला ती आधी ओळखूच आली नाही. पालघरला आणि बोईसरला एसटी बदलून ती एकटी आली होती. आय उठली, पण तांब्या आणायलाही गेली नाही. उंबऱ्यातच तिनं ताईचा हात धरला. नवऱ्याला सांगितलंस का, हे तिनं आधी विचारलं. ताई म्हणाली, सांगितलं. भावजींनी अडवलं नव्हतं. फक्त तिच्याबरोबर स्टँडपर्यंत आले, तिला खिडकीची जागा धरून दिली आणि एसटी सुटेपर्यंत खाली उभे राहिले. सासूला त्यांनी काय सांगितलं असेल ते तिला माहीत नव्हतं.

आयनं तिला गरम पाणी दिलं, पाय चोळले आणि मग विचारलं, तिथं काही त्रास होता काय? ताईनं मान हलवली. "नाय गं. सगळी चांगली हायत तिकडं. पण पोटात हाललं की मला तूच पायजे वाटतेस." आय पाय चोळत राहिली. त्या पावसाळ्यातले पुढचे दिवस माझ्या आठवणीत सगळ्यात सुखाचे आहेत. पडवीत ताई बाजेवर पडून राहायची, मी अभ्यासाचं सोंग करून तिच्या पायाशी बसायची. घरात सुक्या बोंबलांचं कालवण, तांदळाची भाकरी, कधी सुकी करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, भाजून वर कच्चा कांदा. ताईला आंबट लागायचं, म्हणून मी पावसात जाऊन करवंदांच्या जाळीत उशिरा राहिलेली हिरवी करवंदं शोधून आणायची. बाबा घरी असत. झोळी त्यांनी आढ्याला टांगली आणि तिच्यात तांदळाची गोणी ठेवून रोज एकदा झुलवून बघायचे.

नारळी पौर्णिमेच्या आसपास ताईला मुलगी झाली. सुईण होती, सरकारी नर्सबाईही वेळेवर आल्या, बाळंतपण नीट झालं. मुलगी चांगली गुटगुटीत, डोक्यावर दाट काळं जावळ. आयनं तिला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मी दारात होते. आयनं तोंड बघितलं नाही. आधी तिनं बोटं मोजली. एका हाताची, मग दुसऱ्या हाताची, मग पायांची. मग तिला उताणी-पालथी करून पाठ बघितली, कान बघितले, टाळूवर बोट फिरवलं. आणि मग खाली बसून रडली.

बाळ बघायला गावातल्या बायका येऊ लागल्या. प्रत्येक बाई आधी बोटं बघायची. कुणी उघड बघायची, कुणी मुठीत आपलं बोट देण्याचं निमित्त करून. आमच्याच आळीतल्या, आमच्यासारखंच त्या चिमणीकडे बघत जन्म काढलेल्या बायका. आठवडाभरानं ताईच कुणी विचारायच्या आत दुपटं सोडून बाळाचे हातपाय उघडे करून दाखवू लागली. त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर जे हसू असायचं ते मला नको वाटायचं. बारशाला केळव्याहून कुणी आलं नाही. निरोप गेला होता. नाव ठेवायचा मान आत्याचा, पण आत्या आलीच नाही, तेव्हा आयनं मलाच पुढे केलं आणि मी बाळाच्या कानात कुर्रर करून सांगितलं, मयुरी. शेजारणींनी माझ्या पाठीत धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या, पाळणा म्हटला. ताई सारखी दाराकडे बघत होती.

भावजी आले ते दिवाळीनंतर. आयला त्यांचं येणं कळलं तेव्हा ती पहाटेच्या बोटीवर जाऊन चांगली पापलेटं घेऊन आली. तळली, कालवण केलं, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. भावजी चटईवर बसले. त्यांच्यासमोर ताट आलं तेव्हा ते म्हणाले की आज त्यांचा उपास आहे. तो कसलाच दिवस नव्हता. आयनं ताट उचललं आणि आत गेली. बाबा त्यांच्या शेजारी बसले होते, त्यांनी आपलं ताटही सरकवलं. भावजींनी स्वतः आणलेल्या केळ्यांतलं एक सोलून खाल्लं. घरातलं पाणीही त्यांनी घेतलं नाही.

मग त्यांनी निरोप सांगितला. आईचं म्हणणं असं की सुमननं परत यावं, घर तिचंच आहे. फक्त बाळाला आधी मुंबईच्या मोठ्या डॉक्टरला दाखवून आणावं, सगळं ठीक आहे असं त्यांनी सांगितलं की मग कसलाच प्रश्न नाही. ताई झोळीजवळ उभी होती. तिनं बाळ उचललं, त्यांच्यासमोर आली आणि म्हणाली, "तुमी हिला घ्या तरी." भावजी उठले. हात पुढे केले, मग म्हणाले, एसटीतून आलोय, हात धुऊन येतो. ते मागच्या दारी गेले. रांजणातून पाणी घेऊन हात धुण्याचा आवाज आम्हाला ऐकू येत होता. बराच वेळ येत होता. ताई बाळ घेऊन तशीच उभी. ते आले तेव्हा म्हणाले, गाडी चुकेल, निघायला हवं. बाबा त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेले. ताईनं मयुरीला झोळीत ठेवलं आणि आत जाऊन एकटीनं ते पापलेट खाल्लं, काट्यापर्यंत चोखून.

थंडी पडली तशी मयुरीला खोकला झाला. आमच्याकडे समुद्रावरचा वारा हिवाळ्यात सकाळी असा झोंबतो की मोठ्यांचीही छाती भरते. आयनं ओवा-हळदीचा शेक दिला, वेखंड उगाळून लावलं. दोन दिवसांनी बाळाचं पोट श्वासाबरोबर उडायला लागलं, तेव्हा आय म्हणाली हा डबा आहे, आणि आम्ही धावलो. डबा म्हणजे लहान बाळांच्या छातीत कफ भरून होणारा आजार, न्यूमोनिया. आमच्या किनाऱ्यावर कुठल्या घरानं तो बघितला नाही? बोईसरच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं आणि पालघरला न्या म्हणाला. मीही बरोबर गेले, दुपटी आणि पिशवी धरायला. तिथं त्यांनी नळी लावली, औषधं दिली, जे करायचं ते सगळं केलं. ताई बाळाच्या पायाचा अंगठा धरून बसून होती. दुसऱ्या दिवशी दुपारी, बाहेर ऊन पडलेलं असताना, मयुरी गेली.

बाबांनी आयुष्यात डॉक्टरांना कधी प्रश्न विचारला नसेल. त्या दिवशी ते त्यांच्या मागे व्हरांड्यात गेले. मी ऐकत होते. ते म्हणाले, "साहेब, हे त्याच्यामुळं नाय ना?" डॉक्टर तरुण होते, थकलेले. कशामुळे ते त्यांना कळलं. त्यांनी जरा विचार केला आणि सांगितलं, "मला तरी तसं काही दिसत नाही. साधा न्यूमोनिया आहे. या दिवसांत अशी बाळं रोज येतात." त्या माणसानं खरं तेच सांगितलं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. पण त्यातला 'तरी' बाबांच्या मनातून कधी गेला नाही. पुढे कितीतरी वर्षांनी, होडीवर जाणं बंद झाल्यावर, ते ओट्यावर बसल्या बसल्या मध्येच म्हणायचे, शैले, तू शिकलेली, डॉक्टर 'मला तरी' असं का म्हणाला असेल? मी शिक्षिका झाले होते, भाषा शिकवत होते, आणि मला त्यांना एका शब्दाचा अर्थ सांगता येत नव्हता.

एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत. बाबांनी आणि शेजाऱ्यांनी तिला किनाऱ्यावर, सुरूच्या झाडांपलीकडे वाळूत पुरलं. बायकांनी जायचं नसतं. ताई पडवीच्या दारात उभी राहून त्या दिशेनं बघत होती, आणि त्याच दिशेला ती चिमणीही होती.

त्यानंतर जे झालं ते मला मरणाहून कठीण वाटतं. मयुरी आमची राहिली नाही. केळव्याहून निरोप आला की आम्ही सांगितलं होतं. आळीतल्या बायका समाचाराला आल्या की आवाज बारीक करून म्हणायच्या, वरून चांगलं दिसत होतं गं, पण आतून कुणाला ठाऊक. ॲटोमिकमध्ये रोजंदारीवर जाणारा शेजारचा माणूस तावातावानं सांगायचा की काही संबंध नाही, उगाच बदनामी करू नका, नाहीतर आमच्या पोटावर पाय येईल. दोन्ही बाजूंची माणसं आमच्या ओट्यावर बसून एकमेकांशी बोलायची आणि ताई आत भांडी घासत असायची. कुणाला मयुरी पुरावा म्हणून हवी होती, कुणाला ती पुरावा नाही हे सिद्ध करून हवं होतं.

अशातच मुंबईहून तीन माणसं आली. अणुभट्ट्यांच्या आसपासच्या गावांत फिरून ती माहिती गोळा करत होती. दोन पुरुष, एक चष्मा लावणारी बाई. एकाच्या गळ्यात कॅमेरा. वाईट माणसं नव्हती. चप्पल बाहेर काढून बसली, घरातलं पाणी प्यायली, आणि पाणी प्यायली म्हणून आयला ती लगेच आपली वाटली. त्यांना मयुरीबद्दल लिहायचं होतं, तिच्या आईचा फोटो हवा होता. बाबांनी विणायचं जाळं पुढ्यात ओढलं. आय मात्र तयार होती. ती का तयार झाली ते मला आता कळतं. तिच्या नातीचं नाव कुठंतरी छापून यावं, ती होती एवढं तरी कुणाला कळावं, असं तिला वाटलं. केळव्याच्या घरात ज्या पोरीला कुणी बघितलंही नाही, तिचं नाव.

बाबांनी ताईला हाक मारली. ती पदराला हात पुसत बाहेर आली, खांबाला टेकून उभी राहिली. चष्म्याच्या बाईंनी हळू आवाजात विचारलं की बाळाला नेमकं काय झालं होतं, जन्मतः काही दिसलं होतं का, गावात आणखी कुणाला असं झालंय का. ताईनं सगळं ऐकून घेतलं.

"माझी पोर छातीत कफ भरून मेली," ती म्हणाली. "मी बघितलंय. जो येतो तो ती कशानं मेली ते विचारतो. ती कशी होती ते कुणी विचारलं नाय."

कॅमेरावाल्यानं कॅमेऱ्यावर झाकण लावलं. त्या बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं, पाय मोकळे करून नीट बसल्या आणि म्हणाल्या, "सांगा मला. कशी होती?"

ताई आधी उभीच होती. मग खांबाशी खाली बसली. आणि सांगू लागली. तिला पावसाचा आवाज आवडायचा, कौलांवर सर आली की चोखणं थांबवून ऐकायची. तिला आयच्या बांगड्या हव्या असायच्या. तिचा उजवा कान थोडा दुमडलेला होता, भावजींचा आहे तसाच. शिंक आली की आपल्याच शिंकेला दचकायची. बाबा जाळं विणायला बसले की त्यांच्या हाताकडे टक लावून बघायची आणि बघता बघता झोपायची. झोपेत हसायची, सटवाई हसवते म्हणतात तसं. ताई इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. कोंबड्या अंगणात येऊन गेल्या, भरतीचं पाणी चढल्याचा आवाज येऊ लागला, तरी ती सांगत होती आणि ती परकी बाई ऐकत होती. जाताना त्यांनी ताईच्या पाठीवरून हात फिरवला. त्यांनी काही लिहिलं नाही, फोटोही घेतला नाही. पुढे कुठे काही छापून आलं असेल तर आमच्यापर्यंत पोचलं नाही.

भावजी पुन्हा आले ते शिमग्याच्या आधी. ह्या वेळी ते न सांगता आले, आणि ओट्यावर बसूनच त्यांनी आयकडे पाणी मागितलं. आयनं दिलं, ते प्याले. मग त्यांनी ताईला विचारलं की बाळाचं नाव काय ठेवलं होतं. त्यांना नावसुद्धा माहीत नव्हतं. बारशाचा निरोप त्यांच्या आईपर्यंत गेला आणि तिथंच राहिला होता. ताईनं सांगितलं. ती त्यांना किनाऱ्यावर घेऊन गेली. ते दोघं तिकडे काय बोलले ते मला माहीत नाही, ताईनं कधी सांगितलं नाही. परत आले तेव्हा भावजींचे डोळे सुजलेले होते आणि ताईचे कोरडे. दुसऱ्या दिवशी ती त्यांच्याबरोबर केळव्याला गेली. बायका जातात तशी गेली. मी खूप रागावले होते, मला वाटायचं तिनं जाऊ नये. ती मला म्हणाली, "शैले, तिच्या बापाला मी सोडलं तर तिची आठवण काढायला मला कोण राहील?"

तिला नंतर दोन मुलगे झाले. दोन्ही बाळंतपणं केळव्याला. आयला बोलावणं आलं, पण ती पाचवीला जाऊन त्याच दिवशी परत यायची. बाजारात दांडीची मासळी पुन्हा विकली जाऊ लागली. लोक रशिया विसरले. पडवीतली झोळी बाबांनी सोडली आणि तिचा दोर कशालाही न वापरता ठेवून दिला. आय गेली, मागोमाग बाबा गेले. मी लग्न करून पालघरला आले, नोकरी केली, मुदतीआधीच निवृत्त झाले.

मधे जपानच्या भट्टीत समुद्राचं पाणी शिरलं ते आठवत असेल. टीव्हीवर दिवसभर तेच. ताई तेव्हा माझ्याकडे राहायला आली होती. पांढरे पोशाख घातलेली माणसं हातातली यंत्रं लहान मुलांच्या अंगावरून फिरवत होती, मुलं हात पसरून उभी होती. माझे यजमान किरणोत्साराचे आकडे समजावून सांगत होते. ताई पदर तोंडावर धरून बघत होती. मग तिनं मला विचारलं, "तिकडच्या पोरींना बाळंतपणाला माहेरी पाठवतात काय गं?" मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. ती पुन्हा टीव्हीकडे बघू लागली.

त्याच सुमारास तिच्या मोठ्या सुनेला सातवा महिना होता. सुनेचं माहेर घिवली, म्हणजे ॲटोमिकच्या आमच्याहूनही जवळ. केळव्यात टीव्ही होताच. जावा-नणंदा सांगू लागल्या, ह्या वर्षी नको पाठवूस, दिवस बरे नाहीत. मुलगाही घुटमळत होता. ताईनं कुणाशी वाद घातला नाही. ओटी भरली, रिक्षा बोलावली आणि सुनेला घेऊन स्वतः घिवलीला गेली. परतताना ती माझ्याकडे उतरली. मी चहा ठेवला आणि विचारलं, काय म्हणाली विहीण? ताईनं चपला काढल्या, भिंतीला टेकून बसली.

"काय म्हणणार. दारातच तिनं पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरलं," ती म्हणाली. "मी तेवढं बघितलं नि निघाले. जास्त बघवलं नाय."